हाय-फील्ड एमआरआय : उजळणीचे मुद्दे

- टेस्ला : चुंबकीय क्षेत्राचं एकक. 1.5 टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 30 हजार पट.
- 1.5 की 3? रोजच्या कामात दोन्ही. ‘हाय-फील्ड’ म्हणताना आज बहुधा 3 टेस्ला अभिप्रेत.
- 7 टेस्ला : अमेरिकेच्या एफडीएची पहिली मंजुरी 2017 मध्ये; डोकं आणि हातपाय एवढ्यापुरतीच.
- फायदा : सिग्नल साधारण क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. त्यातून बारीक तपशील किंवा कमी वेळ. मेंदू, सांधे, प्रोस्टेट यांत विशेष उपयोग.
- किंमत : त्याच सेटिंगवर 3 टेस्लाला शरीरात शोषली जाणारी रेडिओऊर्जा 1.5च्या सुमारे चौपट. धातूभोवतीची प्रतिमा अधिक बिघडते. पोटाच्या स्कॅनमध्ये काळपट पट्टे येऊ शकतात.
- इम्प्लांट : ‘एमआर सेफ’ आणि ‘एमआर कंडिशनल’ एक नव्हे. दुसऱ्यात ठरावीक अटींवरच परवानगी, 1.5वर चाललेला पेसमेकर 3वर चालेलच असं नाही. रेफर करणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर मॉडेल लिहावं.
- किरणोत्सर्ग : एक्स-रेसारखा नाही. चुंबक मात्र स्कॅन नसतानाही चालूच. ऑक्सिजन सिलिंडर खोलीबाहेरच.