चुंबकाची आवडती दिशा



कर्जतजवळचीं कोंडाणे येथील लेणीं आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिलीं असतील. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस ‘कण्हाचा शिष्य बलक’ यानें आपलें नांव ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेविलें आहे. तें सुमारें दोन हजार वर्षांचें आहे. परंतु त्याच खडकांत त्याहून फार जुना असा दुसरा एक लेख आहे. तो चुंबकत्वाचा असल्यामुळें डोळ्यांस दिसत नाहीं.

सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं सह्याद्रीचा लाव्हारस थरावर थर पसरून निवला. निवतांना त्यांतील लोहयुक्त कणांनीं पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ति व डॉइच यांनीं दख्खनच्या खडकांच्या चुंबकत्वाविषयींचें संशोधन 1959 मध्यें प्रसिद्ध केलें. अशा मापनांत कित्येक थरांची दिशा आजच्या उलट निघाली; आणि आपली भूमि तेव्हां विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, असें त्यांवरून ठरलें.

इतका काळ ही दिशा टिकली कशी? कणाला सर्व दिशा सारख्या नसतात. त्याचा आकार व स्फटिकरचना यांमुळें कांहीं दिशांना त्याचें चुंबकत्व सहज वळतें, कांहींना कष्टानें. या गुणास विषमदिशता म्हणूं. दोन खळगे व मध्यें बांध अशी कल्पना करा. एका खळग्यांत गोटी आहे आणि उष्णता तिला सतत हालवीत आहे. बांध उंच असेल तर गोटी जागा सोडीत नाहीं. ठेंगणा असेल तर केव्हां तरी पलीकडे जाते व स्मृति पुसली जाते. पदार्थ तोच ठेवून कण लहान केला, कीं बांधही ठेंगणा होतो.

संगणकाच्या तबकडीपुढें हाच पेंच होता. शिवाय धातूच्या पातळ पापुद्र्यांत चुंबकत्व सहसा आडवें पडतें आणि जागा अडवितें. फ्रान्सचे लुई नेएल यांनीं 1954 मध्यें असें प्रतिपादिलें, कीं पृष्ठावरील अणूंना एका बाजूस सजातीय शेजारी नसल्यामुळें त्यांची आवडती दिशा निराळी असूं शकते. जाड पत्र्यांत असे अणु थोडे, म्हणून त्यांचें कांहीं चालत नाहीं. पापुद्रा चार अणूंच्या जाडीचा केला, कीं त्यांचें पारडें जड होतें. 1985 मध्यें अमेरिकेंत कार्सिया व त्यांचे सहकारी यांनीं कोबाल्ट व पॅलेडियम यांचे थर एकाआड एक चढविले. कोबाल्टचा थर 0.8 नॅनोमीटरहून, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारें लक्षांशाहून, पातळ होतांच चुंबकत्व उभें राहिलें!

उभ्या लेखनाच्या तबकड्या 2005 पासून विक्रीस आल्या. त्यांत उभी दिशा मुख्यतः कोबाल्टच्या मिश्रधातूच्या स्फटिकरचनेंतून मिळते. परंतु कण लहान होत असतांही बांध उंच राखावयाचा, हें तत्त्व तेंच.

माझ्या घरच्या जुन्या छायाचित्रांपैकीं निम्मीं वाळवीनें खाल्लीं. उरलेलीं नातवानें अशा एका तबकडींत उतरविलीं, तेव्हां मी निश्चिंत झालों होतों. आतां तसा नाहीं. खडकानें कोट्यवधि वर्षें जपलें, तसें हें यंत्र जपणार नाहीं; कण टिकला तरी त्याभोंवतालचीं चाकें झिजतातच. म्हणून मीं दुसरी प्रत करून घेतली आहे. आपणही घ्यावी.