मोतीबिंदू : डॉक्टरांना आपले कामही सांगा

आमच्या शेजारच्या मावशींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी सुटली आणि अंगणातल्या झाडाचे पान न् पान दिसू लागले. मावशी हरखल्या. घरी आल्यावर तांदूळ निवडायला बसल्या, तर खडा कुठला नि दाणा कुठला ते कळेना. "ऑपरेशन फसलं का रे बाबा?" त्यांनी मला विचारले.

ऑपरेशन फसले नव्हते. भिंग लांबचे होते आणि जवळचा चष्मा करायचा राहिला होता.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते काढून कृत्रिम भिंग बसवतात. लंडनच्या डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली असे पहिले भिंग बसवले. तरुणपणी आपले नैसर्गिक भिंग लवचीक असते, म्हणून जवळचे-लांबचे दोन्ही दिसते. साध्या कृत्रिम भिंगाने मात्र एकाच अंतरावरचे स्वच्छ दिसते. हे अंतर ऑपरेशनच्या आधी, डोळ्याची मापे घेऊन भिंगाचा नंबर काढताना ठरते. बहुधा लांबचेच धरतात.

आता आपल्या डहाणू-तलासरीकडे पाहा. समुद्रात होडी नेणारा मच्छीमार, चिकूच्या वाडीत फळे उतरवणारा मजूर, यांना लांबचे भिंग योग्यच. पण चिंचणी-डहाणूकडे दागिन्यांचे डाय कोरणारा कारागीर? गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेलेली वारली चित्रकला आज बांबूच्या काडीने जपणारी बाई? यांची भाकरी हातभरही लांब नसते. अशा माणसाच्या डोळ्यात डॉक्टर मुद्दाम उणे अडीचच्या आसपास नंबर ठेवू शकतात. मग सुमारे ४० सेंटिमीटरवरचे काम बिनचष्म्याने होते आणि चष्मा लांबच्यासाठी लागतो.

जवळ-लांब दोन्ही दाखवणारी महाग भिंगेही मिळतात. मात्र काहींना त्यातून रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. रात्री गाडी चालवणाऱ्याने किंवा होडीवर जाणाऱ्याने ती घेण्याआधी दहादा विचारावे. महाग तेच चांगले, असे येथे नाही.

म्हणून तपासणीला जाताना तीन गोष्टी सांगा : मी काय काम करतो, ते डोळ्यांपासून किती अंतरावर असते, आणि दिवसा करतो की रात्री. अंतर घरीच दोरीने मोजून न्या. "भिंग लांबचे की जवळचे?" हे विचारा. शिबिरात निवडीला वाव नसेल, तरी जखम भरल्यावर, साधारण महिना-सव्वा महिन्याने, जवळचा चष्मा मागायला विसरू नका.

पाड्यावरची आजी डॉक्टरांपुढे बोलायला बिचकते. विचारलेल्याला नुसती मान हलवते. तेव्हा शिकलेल्या मुलामुलींनी एक दिवस रजा काढून तिच्याबरोबर जावे व तिचे काम डॉक्टरांना समजावून सांगावे. दृष्टी परत मिळाली, पण हातचे काम सुटले, असे कुणाचे होऊ नये.

मावशींना चष्मा आणून दिला. आता तांदळात खडा राहिला, तर दोष चष्म्याचा नव्हे, असे त्या स्वतःच सांगतात.