नोटांवरची चित्रं आणि नाते गावची सही

महाडहून पाचाडकडे निघालं की वाटेत नाते लागतं. पुढे रायगड. त्या गडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावाचे सोन्याचे होन, तांब्याच्या शिवराया चालू लागल्या. त्यांवर राजाची छबी नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. राज्य कुणाचं, ते अक्षरांनीच सांगितलं.

गडाखालच्या याच नाते गावात १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या पदावर बसलेले पहिले भारतीय. त्यांच्या कारकिर्दीतली जुनी नोट भिंगाखाली धरावी. मुकुट घातलेल्या सहाव्या जॉर्जचा चेहरा बारीक रेषा आणि ठिपक्यांनी उभा केलेला दिसतो, आणि त्याच नोटेवर सही असते सी. डी. देशमुख यांची. राजा विलायतेचा, पण पैसे देण्याचं वचन महाड तालुक्यातल्या माणसाचं!

या नोटा नाशिकच्या. पूर्वी नोटा इंग्लंडहून छापून येत. १९२८ मध्ये नाशिकच्या छापखान्यात त्या छापायला सुरुवात झाली आणि १९३२ पर्यंत सगळ्याच किमतींच्या नोटा तिथे निघू लागल्या. महायुद्धात जपान्यांनी जॉर्जच्या नोटांची इतकी सफाईदार नक्कल केली की १९४४ मध्ये जलचिन्ह बदलावं लागलं. राजाच्या एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याऐवजी समोरून दिसणारा चेहरा आला. शिवाय कागदात सुरक्षा धागा घातला गेला, तो भारतात पहिल्यांदाच. आज आपण नोट उजेडात धरून जो धागा पाहतो, त्याची सुरुवात देशमुखांच्या कारकिर्दीतली.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी कोण, हा प्रश्न आला. आधी गांधीजींचं चित्र घ्यायचं ठरत होतं, नमुनेही तयार झाले. अखेर सारनाथच्या सिंहशीर्षावर एकमत झालं. १९४९ मध्ये सरकारची एक रुपयाची नोट त्या चित्रासह आली. रिझर्व्ह बँकेच्या नोटा १९५० मध्ये बदलल्या. देशमुख जून १९४९ अखेर गव्हर्नरपदावरून गेले होते. त्यामुळे बँकेच्या नोटेवर त्यांची सही सिंहांशेजारी आलीच नाही.

पुढची चित्रं तर पाहत राहावीत अशी. दोन रुपयांवर वाघ, शंभरावर हत्ती, १९५४ च्या हजाराच्या नोटेवर तंजावरचं मंदिर, पाच हजारांवर गेटवे ऑफ इंडिया. मग पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टरने नांगरणारा शेतकरी आला आणि शंभरावर हिराकूड धरण. देशाला आपलं कोणतं रूप दाखवायचं होतं, हे या चित्रांवरून कळतं.

दहाच्या नोटेवर शिडाचं गलबत होतं. महाडकरांना ते परकं नव्हे. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर मालाची गलबतं दासगावाला आणि पुढे महाडला येत. कोकणाचा रोजचा व्यापार ज्या वाहनावर चालला, त्याला सरकारी कागदावर मान मिळाला होता.

घरातल्या जुन्या ट्रंकेत, आजीच्या बटव्यात अशी एखादी नोट असेल, तर ती लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका. घडी उलगडून कोरड्या जागी सपाट ठेवा आणि मुलांना भिंग देऊन दोन्ही बाजू दाखवा.