संगमरवर: भट्टीतला आणि भूगर्भातला

विशाखापट्टणमहून अराकूला जाणारी बरीच मराठी मंडळी वाटेत बोरा गुहा पाहतात. आत शिरलं की नजर जाते ती छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांकडे. भूशास्त्राच्या हिशेबात ते सुळके अगदी अलीकडचे. ज्या खडकात गुहा कोरली गेली, तो भरड दाण्यांचा, पट्ट्यापट्ट्यांचा संगमरवर मात्र पूर्व घाटाच्या मुळाशी खोलवर भाजून निघालेला आहे. त्याच्या भोवती डायोप्साइड आणि स्कॅपोलाइट ही खनिजं असलेले कॅल्क-सिलिकेट खडक आहेत. या जोडीबद्दलचे काही गैरसमज शाळेपासून आपल्या सोबत असतात.

गैरसमज: चुनखडी वितळते आणि थंड होऊन संगमरवर बनतो.

खडक घनच राहतो. चुनखडीतल्या कॅल्साइट या खनिजाचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होत जातात, शंखशिंपल्यांचे ठसे पुसले जातात आणि साखरेच्या खड्यासारखा चमकणारा दगड तयार होतो.

गैरसमज: एवढ्या उष्णतेत चुनखडीचा चुनाच व्हायला हवा.

ही शंका फार रास्त आहे. उघड्या भट्टीत सुमारे 900 अंशांना 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. मग भूगर्भात तसं का होत नाही? भूगर्भातली उष्णता खडक घडवते असं मांडणाऱ्या जेम्स हटन यांच्या विरोधकांनी हाच प्रश्न केला होता. त्याचं उत्तर स्कॉटलंडच्या सर जेम्स हॉल यांनी दिलं. त्यांनी खडूची पूड बंदुकीच्या नळ्यांत घट्ट कोंडून तापवली. वायूला वाट मिळाली नाही आणि पुडीचा संगमरवरासारखा कणीदार दगड झाला. 1805 मध्ये त्यांनी हे एडिनबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. वीस-पंचवीस किलोमीटर खोलीवर दाब हवेच्या दाबाच्या सहा-सात हजार पट असतो. तिथे कॅल्साइट सुखाने टिकतो.

गैरसमज: अमुक खनिज दिसलं, म्हणजे अमुक तापमान.

चुनखडीत वाळू असेल तर कॅल्साइट आणि क्वार्ट्झ यांच्या संयोगातून वोलॅस्टोनाइट तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खडकाच्या फटींत निव्वळ तोच वायू कोंडलेला असेल, तर हवेच्या 2,000 पट दाबाला ही क्रिया 700 अंशांच्या पुढेच घडते. शेजारच्या ग्रॅनाइटमधून भरपूर पाणी झिरपलं, तर तीच क्रिया 600 अंशांच्याही खाली उरकते. दाब वाढला की लागणारं तापमानही वाढतं. म्हणून खोल कवचातल्या कॅल्क-सिलिकेटमध्ये वोलॅस्टोनाइट सापडलं की अभ्यासकापुढे दोन शक्यता असतात: खडक विलक्षण तापला असेल, किंवा त्यातल्या द्रवात कार्बन डायऑक्साइड कमी असेल. निवाडा आजूबाजूची खनिजं करतात. 1940 मध्ये भूशास्त्रज्ञ नॉर्मन बोवेन यांनी वाळूमिश्रित डोलोमाइटात, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त चुनखडीत, तापमान चढत जाताना कोणती खनिजं कोणत्या क्रमाने येतात, याची मांडणी केली. ट्रेमोलाइट, फॉर्स्टेराइट, डायोप्साइड अशी ती माळ आहे. पुढच्या संशोधनाने द्रवाचा हिशेब धरून त्या क्रमात दुरुस्त्या केल्या, पण मूळ कल्पना टिकली.

गैरसमज: पांढराशुभ्र संगमरवर अस्सल, पट्टे म्हणजे भेसळ.

फरशी निवडताना हे ठीक, खडक वाचताना नेमकं उलटं. शुद्ध कॅल्साइट 400 अंशांनाही कॅल्साइट आणि 700 अंशांनाही कॅल्साइटच. त्यावरून तापमान ओळखणं फार कठीण, कारण त्याला संयोग करायला जोडीदारच नसतो. मूळ गाळात थोडी माती, थोडी वाळू असली, तरच गार्नेट, डायोप्साइड, स्पिनेल, फ्लोगोपाइट जन्माला येतात. माझ्या मते ही ‘अशुद्धी’च या खडकाची खरी श्रीमंती आहे.

गैरसमज: हिरवा मार्बल म्हणजे संगमरवराचाच एक रंग.

राजस्थानात ऋषभदेवजवळ निघणारा प्रसिद्ध हिरवा दगड सर्पेंटिनाइट आहे. त्याचा चुनखडीशी वंशसंबंध नाही. काही खऱ्या संगमरवरांतही हिरवी झाक असते, ती बहुधा फॉर्स्टेराइट थंड होताना पाणी शोषून सर्पेंटाइन झाल्यामुळे.

हे पाहायला आंध्रलाच जायला हवं असं नाही. नागपूर जिल्ह्यात देवलापारच्या परिसरात सौसर गटाचे संगमरवर आणि कॅल्क-सिलिकेट खडक उघड्यावर आहेत. तिथे गेलात तर हातोडी बाजूला ठेवा आणि पावसाने धुतलेला पृष्ठभाग भिंगातून पाहा: कॅल्साइट झिजून खोल गेलेला असतो आणि सिलिकेटचे चिवट पट्टे बरगड्यांसारखे वर उभे असतात.