पाव सेकंदाची नोकरी

१ नोव्हेंबर १९५९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला आइस हॉकीचा सामना मध्येच थांबला. रेंजर्स संघाच्या अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जाक प्लांत याच्या थेट चेहऱ्यावर बसला होता. त्याला आत नेऊन टाके घातले. तेव्हा संघासोबत राखीव गोलरक्षक ठेवण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे बाहेर सगळे त्याची वाट बघत बसले. प्लांत यायला तयार होता, पण अट घालून. सरावात घालतो तो फायबरग्लासचा मुखवटा घालू दिला तरच. प्रशिक्षक टो ब्लेक यांना ते मुळीच पसंत नव्हतं. पण दुसरा माणूसच नव्हता. प्लांत मुखवटा घालून उतरला आणि मॉन्ट्रियलने सामना ३-१ असा जिंकला.

ब्लेक यांचे आक्षेप दोन होते. चेहरा झाकला की गोलरक्षकाची धास्ती जाते आणि धास्ती गेली की सावधपणाही जातो, हा एक. त्या काळच्या खेळाडूंच्या मर्दानगीच्या कल्पना पाहता तो समजण्यासारखा आहे, इतकंच म्हणू. दुसरा आक्षेप मात्र खरोखर शास्त्रीय होता: मुखवट्यामुळे पायाजवळचं दिसत नाही. गोलरक्षकाची सगळी कारकीर्द या ‘दिसण्या’वर उभी असते, म्हणून तो मुद्दा नीट बघायला हवा.

आइस हॉकीत चेंडू नसतो. त्याऐवजी कडक रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन १५६ ते १७० ग्रॅम. म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूइतकंच. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, कारण गार रबर कमी उसळतं आणि बर्फावरून सरळ सरकतं. चांगल्या खेळाडूचा जोरदार फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. २०१२ मध्ये झ्देनो खारा याने कौशल्य स्पर्धेत ताशी १७५ किलोमीटरचा फटका मारून दाखवला होता. एवढा वेग नुसत्या मनगटातून येत नाही. काठी पकच्या किंचित मागे बर्फावर आपटते, धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होता होता साठलेली ऊर्जा पकला देऊन टाकते. हा फटका पन्नासच्या दशकात बोकाळला, साठच्या दशकात काठीचं पातंही वळणदार झालं, आणि उघड्या चेहऱ्याचे दिवस भरले.

आता हिशेब मांडू. ३६ फुटांवरून ताशी १५० किलोमीटर वेगाने निघालेल्या पकला गोलपर्यंत पोचायला पाव सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. डोळ्याला दिसून, मेंदूने ठरवून, स्नायूला हुकूम पोचेपर्यंतच साधारण ०.२ सेकंद जातात. हात किंवा पाय प्रत्यक्ष हलायचा तो त्यानंतर. म्हणजे जवळून आलेला फटका ‘बघून अडवणं’ माणसाच्या शरीराला शक्यच नाही. प्रेक्षकांना जी विजेसारखी चपळाई वाटते, तिचा बराचसा भाग फटका सुटण्याआधीच उरकलेला असतो.

तो कसा? पहिली युक्ती शाळेच्या भूमितीतली, समरूप त्रिकोणांची. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो. समोरचा खेळाडू ३६ फुटांवर असताना गोलरक्षक रेषेवरच थांबला तर त्याला ६ फूट रुंदी राखायची असते. तो ६ फूट पुढे सरकला की राखायची रुंदी ५ फूट उरते. १२ फूट पुढे आला तर ४ फूट. पण भूमिती फुकट काही देत नाही. १२ फूट पुढे आलं की पक पोचायचा वेळही पाव सेकंदावरून ०.१८ सेकंदांपर्यंत खाली येतो, आणि समोरच्याने फटका न मारता बाजूच्या गड्याला पास दिला तर मागे गोल सताड उघडा. किती पुढे यायचं हा सौदा गोलरक्षक सामन्यात शेकडो वेळा करत असतो, तेही स्केट्सवर, उलट्या दिशेने सरकत.

प्लांत या सौद्यात पटाईत होता. गोल सोडून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन पक थांबवण्याची त्याची सवय सुरुवातीला आगाऊपणा वाटे. आज प्रत्येक गोलरक्षकाला ते यावं लागतं. मुळात तो गोलमध्ये उभा राहिला तो दम्यामुळे. क्युबेकमधल्या शाविनिगन या गावात लहानपणी धावपळीचं स्केटिंग त्याला झेपत नसे, म्हणून वाट्याला गोल आला. घरची गरिबी, आईने त्याला विणकाम शिकवलं होतं. पुढे नावारूपाला आल्यावरही तो स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणायचा.

दुसरी युक्ती नजरेची. क्रिकेटमध्ये फलंदाजाची ‘नजर बसली’ असं आपण म्हणतो. कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेवर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. त्यांनी आणि डेरेक पॅनचक यांनी २००६ मध्ये गोलरक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणारं उपकरण लावून प्रयोग केले. आढळलं असं, की निष्णात गोलरक्षक समोरच्याचे खांदे, डोळे, कंबर न्याहाळत बसत नाही. त्याची नजर पक आणि काठीच्या पात्यावर खिळते, तीही फटका सुटायच्या बऱ्याच आधी. वाचवलेल्या फटक्यांच्या वेळी ही स्थिर नजर जवळजवळ सेकंदभर टिकलेली होती. गोल झाले तेव्हा ती त्याहून कमी होती. हातात पाव सेकंद असताना सेकंदभर शांत बघायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण पातं कोणत्या कोनात उघडलं आहे हे एकदा पक्कं कळलं, की पक कुठे जाणार हे निम्मं ठरलेलं असतं.

म्हणून ब्लेक यांची भीती चुकीची नव्हती, फक्त तिची दुसरी बाजू त्यांनी धरली नाही. चेहऱ्यावर मार बसणार हे ठाऊक असलेला माणूस शेवटच्या क्षणी डोळे मिटतो, मान वळवतो. ते त्याच्या हातात नसतं. मुखवट्याने पायाजवळचं थोडं झाकलं असेल, पण समोरचं उघड्या डोळ्यांनी बघायची मोकळीक दिली. प्लांत मुखवटा घालू लागल्यावर त्याचा संघ सलग १८ सामने अपराजित राहिला. ८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहाखातर तो मुखवट्याशिवाय खेळला आणि डेट्रॉइटने मॉन्ट्रियलला ३-० असं हरवलं. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या दृष्टीने म्हणायलाच हवं. वाद मात्र त्या रात्री मिटला.

मुखवट्याचं काम सोपं होतं. पकची एक इंची कडा जिथे लागते तिथे सगळा जोर नखाएवढ्या जागेत एकवटतो, म्हणून कातडी फाटते, हाड मोडतं. कडक कवच तोच जोर पसरवतं. फायबरग्लास हलकं आणि चेहऱ्याच्या साच्यावर घडवता येण्याजोगं असल्यामुळे ते इथे चपखल बसलं. आपल्याकडे सुनील गावसकर यांची कवटीपुरती टोपीही फायबरग्लासचीच होती. पण प्लांतचा मुखवटा चेहऱ्याला चिकटून असे, त्यामुळे जोर पसरला तरी डोकं हादरायचंच. आजच्या मुखवट्यात पुढे जाळी, आत फोम आणि चेहऱ्यापासून अंतर असतं. थांबायला वेळ जास्त मिळाला की बसणारा झटका कमी होतो. तरी ही गोष्ट सगळ्यांच्या गळी उतरायला पंधरा वर्षं गेली. हे संघ ज्यात खेळत त्या नॅशनल हॉकी लीगमध्ये उघड्या चेहऱ्याने खेळणारा शेवटचा गोलरक्षक अँडी ब्राउन १९७४ पर्यंत मैदानात होता. टेरी सॉचक या गोलरक्षकाच्या चेहऱ्यावर तर शेकडो टाके पडले होते. १९६६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने रंगभूषाकाराकडून त्या खुणा रंगवून घेऊन त्याचं छायाचित्र छापलं. ते बघवत नाही.

चेहरा झाकला, पण पोटातला गोळा कोण झाकणार? ग्लेन हॉल हा गोलरक्षक १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ सामने पूर्ण खेळला, तेही मुखवट्याविना, आणि सामन्याआधी त्याला हमखास उलटी होई. धोक्याच्या वेळी अ‍ॅड्रेनलिन रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळवतं, पचन थांबतं, मळमळतं. हॉलचं शरीर पहिल्या शिट्टीआधीच लढायला तयार व्हायचं.

हॉलने आणखी एक गोष्ट रूढ केली आणि पुढे गोलरक्षक पॅट्रिक रॉयने ती घरोघरी पोचवली: फुलपाखरी पवित्रा. गुडघे जुळवून बर्फावर टेकवायचे, पोटऱ्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पसरायच्या. समोर गर्दी असली, पक दिसतच नसला, तरी गोलचा खालचा भाग बंद. जिथे डोळा पोचत नाही तिथे शरीर आडवं घालायचं. हिशेब चोख आहे, पण त्याची किंमत खुबा मोजतो. या बैठकीत मांडीचं हाड उखळीच्या सांध्यात पार टोकापर्यंत आतल्या बाजूला फिरतं. हाडं वाढत असलेल्या वयात हे पुन्हापुन्हा केलं, तर मांडीच्या हाडाच्या मानेजवळ उंचवटा तयार होऊ शकतो. तो उखळीच्या कडेवर घासतो आणि तिथली कूर्चा फाटते. गोलरक्षक टिम थॉमसने २०१० मध्ये याच दुखण्यासाठी खुब्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढच्याच वर्षी ३७ व्या वर्षी त्याने बोस्टनला लीगचा स्टॅन्ले कप जिंकून दिला आणि अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

सदतिसावं वर्ष हे इतर खेळाडूंचं निवृत्तीचं वय. गोलरक्षक मात्र टिकतात, कारण वयाने पाय मंदावतात त्याच सुमारास नजरेत साठलेले हजारो फटके कामाला येतात. प्लांतचं तसंच झालं. १९६५ मध्ये तो निवृत्त झाला, तीन वर्षांनी परतला. मे १९७० मध्ये सेंट लुईसकडून अंतिम फेरी खेळताना बोस्टनचा एक फटका वाटेत दिशा बदलून त्याच्या कपाळावर आदळला. तो बेशुद्ध पडला. मुखवटा नसता तर वाचलो नसतो, असं तो नंतर सांगे. पुढच्या मोसमात टोरांटोकडून, ४२ व्या वर्षी, त्याने शंभरातले चौऱ्याण्णवहून अधिक फटके अडवले. लीगमध्ये त्याच्यापुढे कोणी नव्हतं. १९७५ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो एडमंटनच्या गोलमध्ये उभा होता.