जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

जुनी पोलादी सायकल विकत घेऊन ती कचेरीच्या जाण्यायेण्यास योग्य करावी, ही कल्पना काटकसरीची खरी. परंतु बहुतेक लोक आरंभ करतात तो रंगापासून. रंग दोष झांकतो. बसणाराचा जीव मात्र रंगाखालच्या पोलादावर अवलंबून असतो.

म्हणून प्रथम सर्व भाग सोडवून नुसती चौकट तपासावी. मागील आंस ज्या दोन खांचांत बसतो, त्यांपैकीं एकीस सुतळी बांधून ती हँडलच्या नळीभोंवतीं वळवावी व दुसऱ्या खांचेस ताणून बांधावी. बैठकीच्या नळीपासून सुतळीचें अंतर दोन्हीं बाजूंस सारखें भरलें, तर चौकट सरळ समजावी. सांध्यापाशीं चीर किंवा नळीवर सुरकुती आढळल्यास त्या चौकटीचा मोह सोडावा. १९३५ सालीं निघालेल्या रेनॉल्ड्स ५३१ सारख्या नळ्या टोंकांस जाड व मध्यें पातळ असतात. त्यांवर कानस चालविणें घातक. गंज पॉलिश कागदानेंच काढावा.

नंतर रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावे. आट्यांस व छर्ऱ्यांच्या वाट्यांस रंग लागूं देऊं नये. तेथें जोडणीच्या वेळीं ग्रीज भरावें. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हें ध्यानांत ठेवावें. साखळीचे २४ दुवे नवेपणीं १२ इंच भरतात. ते १२⅛ इंच भरल्यास साखळी दांतेचक्रांसह बदलावी. ब्रेकचीं रबरें व तारा नव्याच घ्याव्या.

पहिल्या दिवशीं मोकळ्या रस्त्यावर ब्रेक पारखून पाहावे, आणि आठवड्यानें सर्व नटबोल्ट पुन्हां आवळावे.