दोऱ्याएवढं अंतर

नवरात्रातली दुपार. तीनच्या सुमारास कुपवाडहून सायकल काढली आणि मिरजेच्या दिशेनं निघालो. आश्विनातलं ऊन पाठीला चटके देत होतं, पण रस्त्याकडेचं गवत अजून हिरवं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधून लेथची घरघर ऐकू येत होती. सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ साली एका महापालिकेत आली, तरी तिन्ही गावांचा आवाज आपापला राहिला. कुपवाडचा आवाज यंत्रांचा, मिरजेचा तारांचा. सायकलवर हा बदल कानांना कळत जातो.

संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात नवरात्र संगीत महोत्सवातली मैफल ऐकायची होती. त्याआधी सतारमेकर गल्ली गाठायची होती.

या गल्लीची कुळकथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जाते. इथले आद्य सतारमेकर फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, असं इथली परंपरा सांगते. इंग्रजी अमलात तलवारींचं काम ओसरलं आणि कसबी हात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेत गाणंही होतंच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर इथंच शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गवयाच्या शेजारीच वाद्य करणारा असल्यामुळे कान आणि हात एकमेकांना घडवत गेले.

तानपुऱ्याचा भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. हा खायचा भोपळा नव्हे, कडू जातीचा. तो वेलावर पक्का होऊ द्यायचा, मग नीट वाळवायचा. अवेळी पाऊस झाला की भोपळा कुजतो आणि कारागिराचं वर्षाचं गणित बिघडतं. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी चढते. नक्षी, पॉलिश, खुंट्या सगळं झालं, तरी वाद्य अजून मुकंच असतं.

एका दुकानात वयस्क कारागीर मांडी घालून जवारी काढत, म्हणजे तारेचा झणकार जुळवत होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर कानस दोनदा फिरवली, तार छेडली, पुन्हा फिरवली. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला. एका जागी आवाज बसका लागला. दोरा केसभर पुढं नेला आणि तारेतून झणकार उठला, एका स्वरातून अनेक स्वर फुटल्यासारखा. “हे मोजायला पट्टी नाही,” ते म्हणाले, “कानच पट्टी.”

तिथून मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथं विसावले आहेत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत, प्रवासात त्यांचं निधन झालं आणि दफनासाठी त्यांना मिरजेत आणलं गेलं. उरुसात ते या आवारात गायचे. त्यांच्या स्मरणार्थ इथं आजही गायन होतं. स्वराच्या सूक्ष्म जागा शोधणारं त्यांचं गाणं आणि दोरा केसभर सरकवणारा तो हात, दोन्हींचा ध्यास मला एकच वाटला.

दिवेलागणीला देवळात पोहोचलो. मंचावर दोन तानपुरे जुळत होते आणि गायक डोळे मिटून ऐकत होता. दुपारी ती जवारी पाहिली नसती, तर ही पाच मिनिटं मी गाणं सुरू व्हायची वाट बघण्यातच घालवली असती.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नावाचं रक्षण होईल. हाताला काम मात्र आपणच द्यायला हवं. मोबाइलवरचा तानपुरा रियाजाला सोयीचा असेल, पण तो गल्लीतली चूल पेटवत नाही. तुमच्या माळ्यावर आजीचा तानपुरा गवसणीत पडून असेल, तर यंदा तो खाली काढा, मिरजेला घेऊन या आणि त्याची जवारी काढून घ्या.